नऊ-एकेचाळीस

आप्पा माझ्या दुकानात पहिल्यांदा आले, त्या दिवशी मी त्यांना जवळजवळ हाकललंच होतं. शिरूरला माझं गाड्यांच्या स्पेअर पार्टचं दुकान आहे. गिऱ्हाईक येतं, डबा मागतं, मी देतो, ते जातं. आप्पांनी डबा घेतला, तिथंच काउंटरवर फोडला, आतला गिअर तेलकट कागदातून सोडवला, खिशातून खडू काढून एका दातावर रेघ मारली आणि दात मोजायला लागले. एक, दोन, तीन. मागं चार माणसं ताटकळलेली. मी म्हटलं, "अहो बाबा, डब्यावर लिहिलंय की किती दात आहेत ते."

मान वर न करता म्हणाले, "डबा छापणारा आन् दात पाडणारा एकच माणूस आसतो का?" आणि मी मध्ये बोललो म्हणून पुन्हा एकपासून मोजायला सुरुवात केली. वर मलाच सुनावलं, "तुझ्यामुळं इसरलो."

मला राग पटकन येतो, तेव्हाही आला. पण मागच्या चारांतला एक ड्रायव्हर म्हणाला, "शेठ, मोजू द्या, दौंडचे आप्पा हायेत." आणि चौघंही मुकाट्यानं उभे राहिले. एक म्हातारा दात मोजतोय आणि चार कामाची माणसं देवळात थांबल्यासारखी थांबलीत, असं मी माझ्या दुकानात त्याआधी पाहिलं नव्हतं.

त्यांचं खरं नाव मला आजही सांगता येणार नाही. माझ्या मोबाइलमध्ये ते 'आप्पा दौंड' आहेत. दौंडला रेल्वे लाइनीच्या पलीकडं त्यांचं पत्र्याचं शेड, पाटी वगैरे काही नाही. कुठलीही गाडी आली की बाकीचे मिस्त्री बॉनेट उघडतात. आप्पा वळसा घालून सरळ मागं जायचे आणि गाडीच्या खाली वाकायचे. मागच्या दोन चाकांच्या मधोमध भोपळ्याएवढा लोखंडी गोळा असतो, तेवढंच त्यांचं राज्य. त्या गोळ्यात दोन गिअर असतात. छोटा तो पिनियन, मोठा तो क्राउन. इंजिनाकडून येणारी शाफ्ट पिनियनला फिरवते, पिनियन क्राउनला फिरवतो आणि क्राउन चाकांना. चार चाकं ओढणारी गाडी असेल तर असाच गोळा पुढंही असतो. आप्पा पुढचा नि मागचा गोळा सोडून गाडीच्या दुसऱ्या कशालाही हात लावत नसत. एकाच्या इंजिनातून भकाभका धूर निघत होता. आप्पा त्याला म्हणाले, "ते धुराचं दुसरीकडं बघ. मग माझ्याकडं ये."

त्यांच्या उजव्या हाताची बोटं कायम शेंदरी. नवे गिअर बसवताना दातावर दात नीट बसतोय का हे बघायला ते शेंदूर तेलात कालवून दातांना लावत आणि चाक फिरवून ठसा कुठं उमटतो ते बघत. ठसा दाताच्या मधोमध आला पाहिजे. टोकाला आला, खोल गेला, की पातळ पत्र्याची एखादी चकती घाल, एखादी काढ, पुन्हा शेंदूर, पुन्हा फिरव. दिवस जायचा. लोक विचारायचे, "आप्पा, कुठल्या मारुतीला जाऊन आला?" ते गोळ्याकडं बोट दाखवायचे. "ह्येच की. तेल बी त्येलाच, शेंदूर बी त्येलाच."

आणि हट्टी किती. गाडीला कुठले दात घालायचे हे ते गाडीत बसल्याशिवाय सांगत नसत. तेही पुढं ड्रायव्हरशेजारी नाही, मागं हौद्यात, मालाबरोबर. मी एकदा म्हटलं, आप्पा, या वयात हौद्यात कशाला आदळआपट करून घेता? म्हणाले, "पुढं बसलो की ड्रायवर मला दाखवायला गाडी चालवतो. मागं बसलो की मला इसरतो, मग खरी चालवतो." कांद्याच्या पोत्यांवर, खताच्या गोण्यांवर, एकदा तर मंडपाच्या बांबूंवर बसून त्यांनी निम्मा शिरूर तालुका नि अख्खा दौंड तालुका पाहिलेला.

हल्ली आमच्याकडं गाड्या उचलून मोठे टायर घालायचं खूळ आलंय. गाडी वीतभर वर घेतात, खाली दांडगे टायर. दिसतं झकास. पण घरी नेल्यावर रडायला लागतात की गाडी ओढत नाही, चढाला मरते, क्लच जळतो. मग माझ्याकडं येतात, इंजिनाचा काय काय पार्ट बदलू म्हणून विचारतात. मी त्यांना दौंडला पाठवायचो. आप्पांचं एकच सांगणं. "मोठा टायर म्हंजी लांब ढांग. तुला वझं घेऊन चढ चढायचाय आन् कुणी म्हणलं दर टायमाला लांबच ढांग टाक, तर छाती फुटंल का न्हाई? इंजिनाचं तेच हुतंय. ते गरीब हाय, बोलत न्हाई." मग उपाय काय? ढांग लांब झाली तर ती टाकायला वेळ द्यायचा. चाकाच्या एका फेऱ्याला शाफ्टनं आधी चार फेरे मारायचे, तर आता साडेचार मारू द्यायचे. म्हणजे क्राउन-पिनियन बदलायचे. ढांगेचं हे ते स्वतःच्या बायकोवरून शिकले म्हणे. "आमची ही बघ, बारकी बारकी पावलं टाकती. घागर घेऊन माझ्या आदी वर पोचती."

सणसवाडीकडचा एक तरणाबांड गडी मित्राला घेऊन आला होता. जमीन कंपनीत गेलेली, गळ्यात साखळी, जीप अशी उंच की आत चढायला पायरी हवी. आप्पांनी विचारलं, "जातो कुठं हिला घेऊन?"

"कुठं म्हंजे? हायवेला. पुण्याला."

"चढ?"

"चढ कुठाय आप्पा हायवेला."

"चिखल?"

"नाय."

"वझं?"

तो आणि त्याचा मित्र एकमेकांकडं बघायला लागले. आप्पा उठले, हात पुसले नि म्हणाले, "टायर काढ." तो गडी चिडला, म्हणाला टायर तर मी काढणार नाही. "मग बिचारीला उन्हात नगं उभी करू, जा." संपलं. सोन्यासारखं गिऱ्हाईक गेलं आणि हे निवांत शेंदूर कालवत बसले. मी तिथंच होतो. क्राउन-पिनियनच्या सेटची ऑर्डर माझीही गेली की. मला हसूही येत होतं आणि चरफडायलाही होत होतं.

सुमनताईंची गाडी मात्र त्यांनी मनापासून हातात घेतली. सुमनताई नदीकाठच्या वस्त्यांवरून पहाटे दूध गोळा करतात आणि डेअरीवर पोचवतात. नवरा असतानाही गाडी त्याच चालवायच्या, आता तर सगळं त्यांच्यावरच. काळी माती, त्यात उसाच्या ट्रॉल्यांनी पाडलेल्या गुडघाभर चाकोऱ्या. साधी पिकअप त्यात पोटावर टेकते आणि चाकं नुसती हवेत फिरतात. म्हणून त्यांनी चारही चाकं ओढणारी पिकअप घेतली, उचलून घेतली आणि मोठे टायर घातले. हे खूळ नव्हे, गरज. आता गाडी पोटावर टेकत नव्हती, पण भरलेले कॅन घेऊन चिखलातून निघताना इंजिन बंद पडायचं. पावसाळा तोंडावर आलेला. एखादा दिवस दूध उशिरा पोचलं तर फाटतं, डेअरी घेत नाही, आणि दोन-तीनदा असं झालं की वस्तीवरचे लोक दुसऱ्याला दूध घालतात. ताईंनी आप्पांना एवढंच विचारलं, "पावसात अडकायची नाय ना?"

आप्पा दोन दिवस कॅनच्या मध्ये बसून फिरले. मग खडूनं टायरवर रेघ ओढली, कॅन पाण्यानं भरून हौद्यात ठेवायला लावले, कारण "रिकामा टायर आन् दबलेला टायर येगळा," आणि गाडी दहा फेरे ढकलून टेपनं अंतर मोजलं. जुन्या टायरवर बावीस मीटर भरत होतं, नव्यावर साडेपंचवीसच्या वर. ढांग सहाव्या हिश्शानं वाढली, तर शाफ्टचे फेरेही सहाव्या हिश्शानं वाढवायचे. कंपनीचे होते पिनियनला अकरा, क्राउनला त्रेचाळीस दात. आप्पांनी जमिनीवरच आकडेमोड केली नि मला फोन लावला. "नऊ-एकेचाळीस. दोन सेट. म्होरं आन् मागं सारखंच पायजेत, एका दाताचा बी फरक न्हाई चालायचा." मग ताईंना म्हणाले, "न्हाई अडकायची." आप्पा असा शब्द कुणाला देत नसत.

पुढंमागं सारखेच का, तर चार चाकं एका मधल्या पेटीनं जोडलेली असतात. पुढची चाकं मागच्यांपेक्षा हळू किंवा जोरात फिरायला लागली तर चिखलात घसरून निभावतं, पण डांबरीवर घसरायला जागा नसते. सगळा ताण त्या पेटीवर येतो.

एक सेट माझ्याकडं होता, तो पाठवला. दुसरा पुण्याहून मागवला, त्याच्याबरोबर दुकानासाठी एक जादाही. मधल्या आठवड्यात आप्पांच्या एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, दुसऱ्या डोळ्यालाही धूसरच दिसायचं. डॉक्टरांनी वाकायचं नाही सांगितलेलं. हे वाकले. मागचा सेट त्यांनी बोटांनी चाचपून मोजला, तीन-तीनदा. काकू, म्हणजे त्यांची बायको, ओरडत होत्या. दुसरा, पुढच्या गोळ्याचा सेट आला तेव्हा आभाळ भरलेलं, ताईंना गाडी दुसऱ्या दिवशी पहाटे हवीच होती. सेट पाठवायच्या आधी मला आप्पांचा फोन आला. "मला आता वाकू देत न्हाईत. बसवंल दुसरा कुणी, पण तू मोजलंस का?"

डब्यावर स्टिकर होता, नऊ-एकेचाळीस. डबा सीलबंद. काउंटरवर गर्दी. मी म्हटलं, "मोजलेत आप्पा."

"मग झालं," ते म्हणाले, आणि फोन ठेवला. ज्या माणसानं कधी डब्यावर विश्वास ठेवला नाही, त्यानं माझ्यावर ठेवला. नऊ दातांचा पिनियन आणि आठ दातांचा, हातात दोन्ही सारखेच लागतात. मोजला तरच कळतं.

दोन आठवडे गाडी चिखलातून सुरेख निघाली. मग एका सकाळी ताई चिखलातून डांबरीवर आल्या, चार चाकांचा गिअर काढायला जरा उशीर झाला आणि डेअरीच्या वळणावरच मधली पेटी फुटली. गाडी जागेवर. भरलेले कॅन उन्हात. दुसरी गाडी येईपर्यंत निम्मं दूध गेलं. हे सगळं डेअरीच्या फाटकासमोर, लोकांच्या देखत. जवळच्या गॅरेजवाल्यानं चाकं फिरवून बघितली, गोळे न उघडताच सांगितलं की पुढंमागं मेळ नाही, पेटी बदलली, आणि पुढची शाफ्ट काढून ठेवली. म्हणजे गाडी पुन्हा दोन चाकांवर आली आणि पावसाळाभर ताई चिखलात अडकत राहिल्या. गॅरेजवाला वर म्हणाला, "म्हाताऱ्याला दिसत नाय आता. मोजमाप चुकलं." दौंडपासून न्हावऱ्यापर्यंत ते बोलणं पसरलं.

आप्पांचा मला फोन आला. आवाज बारीक. "तू मोजलेला म्होरचा सेट नऊ-एकेचाळीसच व्हता ना?"

त्या डब्याचं सील मी फोडलंच नव्हतं. तरी म्हटलं, "व्हय आप्पा. मोजलेला."

"मग मागचा माझाच चुकला," ते म्हणाले.

त्या संध्याकाळी मी त्याच मालातला दुसरा डबा उघडला. वर नऊ-एकेचाळीस, आत आठ-सदतीस. एका दातावर खडूनं रेघ मारून तीनदा मोजले. आठ दात मोजायला असा किती वेळ लागतो? मला सगळं कळलं, आणि मी डबा वरच्या फळीवर ढकलून दिला. दुकानाचं नाव जाईल, गिऱ्हाईक तुटेल, आप्पांचं काय, त्यांचं वय झालंय, आज ना उद्या थांबणारच होते. हे असलं सगळं मी स्वतःला सांगितलं. माणूस स्वतःला काय काय पटवतो. सुमनताईंनी गाडी आप्पांकडं परत नेली नाही, त्यांनीही बोलावली नाही. कुणाकडून तरी कळलं की ते काम घेत नाहीत. आलेल्या गाडीला "दुसरीकडं दाखव" म्हणतात. मी ते ऐकायचो आणि पुढच्या गिऱ्हाइकाला विचारायचो, काय पाहिजे.

तीन महिने गेले.

गाडीचं पुढं काय झालं ते इथंच सांगून टाकतो, कारण नंतर सांगायला जमणार नाही. पुढचा सेट मी बदलून दिला, आप्पांनी बसवला, शाफ्ट जागेवर गेली. डेअरीच्या फाटकासमोर, जिथं गाडी बंद पडली होती तिथंच, मी सुमनताईंना खरं काय ते सांगितलं. त्यांनी मला चार लोकांत जे ऐकवलं ते मी लिहीत नाही, पण त्यातलं एक अक्षरही खोटं नव्हतं. गाडी अजून त्याच चिखलातून जाते आणि अडकत नाही.

पण त्याआधीची एक दुपार आहे. आप्पा एसटीनं आले, चौफुल्याला गाडी बदलून. हातात बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा. दुकानात कुणी नव्हतं. त्यांनी डबा काउंटरवर ठेवला. आत त्या पातळ चकत्या, जाडीप्रमाणं दोऱ्यात ओवलेल्या, आयुष्यभर जमवलेल्या. म्हणाले, "ह्या तुला. कुणाला लागल्या तर दे. माझं आता बोटाला कळंना झालंय." बोटं त्यांनी समोर धरली. शेंदूर गेला होता, बोटं नुसतीच म्हाताऱ्या माणसाची दिसत होती. चेहरा ओढलेला, शर्ट खांद्यावर लोंबत होता.

मी डबा त्यांच्याकडं सारला. म्हटलं, "आप्पा, पुढचा सेट मी मोजला नव्हता."

त्यांनी कान पुढं केला.

"डब्यावर नऊ-एकेचाळीस होतं, आत आठ-सदतीस. तुम्ही दुसऱ्यांदा विचारलंत तेव्हाही मी खोटं बोललो. त्याच संध्याकाळी मला कळलं होतं. तीन महिने मी गप्प बसलो."

वरच्या फळीवरून तो डबा काढून मी त्यांच्यासमोर पिनियन ठेवला. त्यांनी तो उचलला, अंगठा फिरवला. सातव्या दातानंतर आठवा, मग खडूची रेघ पुन्हा आली.

"मग मागचा?"

"मागचा नऊ-एकेचाळीसच होता. तुमचं बरोबर होतं."

"परत सांग."

मी परत सांगितलं. ते स्टुलावर बसले. मी वाट बघत होतो की आता शिव्या येतील, माझ्या अंगावर पिनियन येईल, मला ते हवंही होतं. मी म्हटलं, "आप्पा, बोला की काहीतरी मला." त्यांचं माझ्याकडं लक्षच नव्हतं. खिशातून बटणांचा फोन काढला, माझ्यापुढं केला. "हिला लाव."

मी काकूंना फोन लावून दिला. त्यांच्या फोनचा आवाज एवढा मोठा की पलीकडचं सगळं ऐकू येतं.

"अगं, ऐकती का," आप्पा म्हणाले. "मी चुकलो न्हवतो. माझं बराबर व्हतं."

मग चुकलं कुणाचं, कसं, हे काकूंनी विचारलं नाही. एवढंच विचारलं, "मंग आज तरी पोटभर जेवणार का?"

"व्हय," आप्पा म्हणाले. "टाक भाकरी. येतो."

त्या तीन महिन्यांत मी माझं एकही जेवण चुकवलं नव्हतं.